भाताला युरिया केव्हा द्यावा?



जव्हारच्या एका पाड्यावर पहिल्या वर्षी चूक माझीच झाली. लावणी होताच सगळा युरिया एकदम टाकायला मी सांगितले. रात्री पाऊस कोसळला, खाचरे बांधावरून वाहिली. उसनवारीची गोणी गेली, भात पिवळाच राहिला. त्या घरच्या आजीने मला चहा दिला, बोलली काहीच नाही.

आता मी असे शिकवतो. दहा गुंठ्यांना साधारण 22 किलो, म्हणजे अर्धी गोणी युरिया. त्यातला 40 टक्के चिखलणीला, 40 टक्के फुटवे येताना, उरलेला लोंबी पोटात धरताना. फुटव्यांच्या हप्त्याआधी बेणणी उरकायची, नाहीतर खत तणच खाते. खाचरातले पाणी कमी करायचे, आणि आभाळ भरलेले असेल तर सरळ थांबायचे.

जिथे पाणी आवरत नाही तिथे युरिया-डीएपीच्या गोळ्या बऱ्या. लावणीच्याच दिवशी चार चुडांच्या मधोमध एक गोळी, 7 ते 10 सेंटिमीटर खोल. चिखलात गाडलेले खत सावकाश विरघळते, वाहून जात नाही. मग पुढचे हप्तेही नकोत. काम कंबर मोडणारे, हे खरे.

गेल्या पावसाळ्यात आजीने गोळ्या मागून घेतल्या. एक खाचर मात्र तिने जुन्याच रीतीने ठेवले.