लेन्स घेण्याआधी जरा ऐक

अगं, साठ मिलिमीटरची मॅक्रो स्वस्तात मिळतेय म्हणून लगेच पैसे देऊ नकोस. घरच्या कुंडीतल्या सदाफुलीला ती झकास आहे. पण तुला जायचंय कासच्या पठारावर, आणि तिथलं गणित वेगळं.

कासला जांभ्या खडकावर मातीचा पातळसा थर. सगळी फुलं त्यावरच तगतात. वाट सोडून पाय टाकलास की काहीतरी चिरडलंच म्हणून समज. म्हणजे वाटेवर बसून जेवढं हाताशी येईल तेवढंच तुझं. त्यामुळे दुकानदाराला एकच विचार, फूल पूर्ण १:१ आकारात घेताना लेन्सचं तोंड फुलापासून किती लांब राहतं? खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नकोस, तो सेन्सरपासून मोजलेला असतो. साठच्या लेन्सला समोर जेमतेम ९-१० सेंटिमीटर उरतात. सकाळच्या तिरप्या उन्हात लेन्सची सावली फुलावर पडलीच! नव्वद-शंभरवालीला १४-१५ मिळतात. ऐकायला फरक थोडा, पण दवबिंदूच्या रोपासमोर बसलीस की कळेल. (त्याचे थेंब दवाचे नसतात बरं का, किडे पकडायचा चीक असतो तो, त्यामुळे दुपारीही चमकतात.) दीडशे-एकशेऐंशीच्या भानगडीत आत्ता पडू नकोस, खिसा आणि मान दोन्ही जातील.

स्टॅबिलायझरसाठी जास्त पैसे मोजावेत असं मला वाटत नाही. तो तुझ्या हाताची थरथर सावरेल, वाऱ्यावर डोलणारा दांडा कसा सावरणार? त्यात १:१ ला एफ/११ ठेवलं तरी जेमतेम मिलिमीटरभरच स्पष्ट येतं. तेव्हा आयएसओ वाढव, शटर पळतं ठेव आणि वारा पडायची वाट बघ. सीतेच्या आसवांचा जांभळा गालिचा घ्यायला मात्र मॅक्रो लागतच नाही, किटची लेन्स पुरे.

आणि खरं सांगू? आधी तुझ्या पन्नासच्या लेन्समागे २५ मिलिमीटरची एक्स्टेन्शन ट्यूब लाव. फूल निम्म्या आकारात येतं, खर्चही किरकोळ. सरावासाठी सांगलीत हळदीला तोटा आहे का? भाद्रपदात कुणाच्या तरी रानात जा, कणसातलं ते इवलंसं पिवळं फूल टिपून बघ. त्यात रमलीस तर नव्वदची घे, जुनीही चालेल. फक्त घेताना आतून टॉर्च मारून बघ. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, कितीही स्वस्त असली तरी परत दे.