कारणाविना अश्रू : नाताळच्या दूरचित्रवाणीपटांतील भावविवशता

एखादी कलाकृती पाहताना डोळ्यांत पाणी आले म्हणजे ती श्रेष्ठ, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. याउलट, रडवणारी कलाकृती हलकीच असायची, असे मानणारा एक वर्गही सुशिक्षितांत आढळतो. मला हे दोन्ही समज अपुरे वाटतात. अश्रू आले की नाही यापेक्षा ते कशामुळे आले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार अमेरिकन दूरचित्रवाणीवरील नाताळपटांच्या आधारे करावयाचा आहे. मोबाईलमुळे हे चित्रपट आता आपल्यापर्यंतही पोहोचले आहेत. त्यामुळे विषय अगदीच परका राहिलेला नाही.

प्रथम या चित्रपटांचे स्वरूप पाहू. कॅन्सस सिटी येथे १९१० साली जॉइस हॉल यांनी सुरू केलेल्या शुभेच्छापत्रांच्या व्यवसायातून हॉलमार्क ही कंपनी उभी राहिली. 'हॉलमार्क चॅनेल' या नावाची तिची वाहिनी २००१ पासून अमेरिकेत चालू आहे आणि २००९ पासून ती 'काउंटडाउन टू ख्रिसमस' या नावाखाली दर वर्षी नवे नाताळपट ओळीने दाखवीत आली आहे. इतरांनीही तोच कित्ता गिरवला.

कथानक बहुधा ठरलेले असते. मोठ्या शहरात नोकरीत गढलेली नायिका नाताळसाठी आपल्या लहान गावी येते. तेथे तिला एक सालस तरुण भेटतो. तो पुष्कळदा विधुर असतो, त्याला एक गोड मुलगी असते आणि नाताळची झाडे वाढवण्याचा त्याचा वडिलोपार्जित मळा बंद पडण्याच्या बेतात असतो. मध्ये एक गैरसमज होतो, तो शेवटी शेवटी मिटतो, बर्फ पडू लागते आणि चित्रपट संपतो. यांतील बरेच चित्रपट कॅनडात दोन-तीन आठवड्यांत, कित्येकदा भर उन्हाळ्यात, खोटे बर्फ पसरून चित्रित होतात. बर्फ खोटे असल्याबद्दल माझी तक्रार नाही. रंगभूमीवरचा चंद्रही खोटाच असतो. तक्रार आहे ती दुःख खोटे असल्याबद्दल.

विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रसनिष्पत्ती होते, हे भरतमुनींचे मत आपण वर्गात शिकतो. विभाव म्हणजे भावनेचे कारण आणि अनुभाव म्हणजे तिचे बाहेर दिसणारे कार्य. करुण रसाचे विभाव म्हणून नाट्यशास्त्रात इष्टजनांचा वियोग, वैभवनाश, वध, बंधन इत्यादी गोष्टी सांगितल्या आहेत. अश्रुपात, विलाप हे त्याचे अनुभाव होत. ही कसोटी लावली असता नाताळपटांचा दोष लगेच लक्षात येतो. त्यांत अनुभाव भरपूर असतात, विभाव मात्र नावापुरता असतो. नायकाची पत्नी वारलेली असते. पण ती कशाने वारली, उपचारांना किती पैसा लागला, मागे राहिलेल्या मुलीला कोणी सांभाळले, यांतले काहीच आपल्याला कळत नाही. चौकटीतला एक फोटो आणि मागे हळू वाजणारा पियानो एवढ्यावर काम भागवले जाते. मळ्यावर कर्ज असते. पण ते का झाले आणि त्याचे व्याज किती, हे कोणी विचारत नाही. गावकरी एक जत्रा भरवतात आणि कर्ज फिटते. कर्ज असे फिटत नाही, हे शेतकऱ्याच्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते.

यावर कोणी म्हणेल की, दूरचित्रवाणी हे माध्यमच असे आहे; वेळ ठरलेला, खर्च मोजका, मध्ये जाहिराती, तेथे यापेक्षा अधिक काय होणार? परंतु इतिहास तसे सांगत नाही. २४ डिसेंबर १९५१ रोजी, याच हॉलमार्क कंपनीच्या प्रायोजकत्वाखाली, एनबीसी वाहिनीवर जान कार्लो मेनोत्ती यांची 'अमाल अँड द नाइट व्हिजिटर्स' ही संगीतिका सादर झाली. खास दूरचित्रवाणीसाठी रचलेली ही पहिली संगीतिका मानली जाते. तीत एका गरीब विधवेच्या झोपडीत तीन राजे रात्रीच्या मुक्कामाला येतात. सारे झोपल्यावर आपल्या पांगळ्या मुलाच्या काळजीने ती आई त्यांच्या सोन्याला हात लावते आणि पकडली जाते. शेवटी चमत्कार घडतो, हे खरे. पण त्याआधी गरिबी माणसाला कोठवर आणते, हे आपण पाहिलेले असते. येथे विभाव आहे, म्हणून अश्रू खरे वाटतात.

नाताळची मूळ कथाही कारणे लपवत नाही. लूकच्या शुभवर्तमानात शिरगणतीच्या हुकमामुळे प्रवासाला निघालेले गरीब जोडपे आहे, त्यांना उतारशाळेत जागा मिळत नाही आणि बाळाला गव्हाणीत ठेवावे लागते. मत्तयच्या शुभवर्तमानात तर बालकांची हत्या करविणारा हेरोद राजा आहे. आजच्या नाताळपटांत गव्हाण दिसलीच तर सजावटीपुरती दिसते.

चार्ल्स डिकन्सच्या 'ए ख्रिसमस कॅरल' या १८४३ च्या कथेवर भावविवशतेचा आरोप नेहमी होतो. परंतु तीत बॉब क्रॅचिटचा पगार आठवड्याला १५ शिलिंग आहे, हे डिकन्स स्पष्ट सांगतो. १८२४ साली कर्जापायी वडील तुरुंगात गेले, तेव्हा बारा वर्षांच्या डिकन्सला बुटांच्या काळ्या पॉलिशच्या कारखान्यात काम करावे लागले होते; त्याला पैशाची किंमत माहीत होती. म्हणूनच कथेच्या शेवटी स्क्रूज नुसता हसत नाही, तर बॉबचा पगार वाढवतो. १९८४ साली सीबीएसने दाखवलेल्या, जॉर्ज सी. स्कॉट यांच्या रूपांतरात पुलाखाली राहणारे एक बेघर कुटुंब दाखवून हा धागा अधिकच ठळक केला आहे.

आता या चित्रपटांचा मला सर्वांत खटकणारा दोष सांगते. शहरातली नोकरी सोडून गावी परतणे हाच त्यांत नायिकेचा उद्धार असतो. तिची नोकरी म्हणजे जणू तिच्या मनाला जडलेला आजार. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. माझ्यासारख्या मुलीला शहरातली नोकरी म्हणजे गावाकडे पाठ फिरवणे वाटत नाही; घराचे छप्पर शाकारणे आणि धाकट्या भावंडांची फी भरणे तिच्यावरच अवलंबून असते. एके काळी कोकणातली कितीतरी घरे मुंबईच्या गिरण्यांतून येणाऱ्या मनीऑर्डरींवर चालत होती. त्या घरांत माया कमी होती काय? १९७१ चा 'द होमकमिंग' हा सीबीएसचा नाताळपट या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. महामंदीच्या काळात व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागातील एक बाप कामासाठी दूर राहतो आणि नाताळच्या आदल्या रात्री त्याला परतायला उशीर होतो. घरची माणसे वाट पाहतात. कथा एवढीच, पण तो दूर का आहे, हे आपल्याला माहीत असल्यामुळे त्या वाट पाहण्याला वजन येते.

अर्थात, थकल्याभागल्या माणसाने संध्याकाळी दोन घटका विरंगुळा शोधला तर त्यात गैर काय, हा आक्षेप मला मान्य आहे. एकट्या, आजारी, वृद्ध माणसांना अशा चित्रपटांची सोबत होत असेल, तर ती हिरावून घेण्याचा अधिकार समीक्षेला नाही. माझे म्हणणे इतकेच की, दिलासा देण्यासाठी दुःखाचे कारण पुसण्याची गरज नसते. तसे केल्याने गरिबी, कर्ज आणि एकटेपणा या गोष्टी केवळ मन मोकळे केल्याने सुटतात, अशी सवय बुद्धीला लागते. आणि ज्यांच्या त्या सुटत नाहीत, त्यांचे मनच कोते असले पाहिजे, असे वाटू लागते.

तात्पर्य, चित्रपट पाहताना डोळे भरून आले तर लाजण्याचे कारण नाही. मात्र चित्रपट संपल्यावर एक प्रश्न स्वतःला अवश्य विचारावा : या माणसाचे दुःख कशाने दूर झाले, आणि खरोखरच ते तशाने दूर होते काय? हा प्रश्न नाताळपटांइतकाच आपल्याकडच्या रडक्या मालिकांनाही विचारता येईल.