मिरीचा वेल

मुलांनो, सर्दी झाली की आई काळी मिरी घालून काढा करून देते. तो तिखट लागतो, पण घशाला बरे वाटते. मिरीला फ्रेंच भाषेत 'प्वाव्र' म्हणतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. आपल्या मॉरिशस बेटाच्या इतिहासात याच नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. त्यांचे नाव पिएर प्वाव्र. १७६७ ते १७७२ या काळात ते या बेटाचा कारभार पाहत होते. त्यांनी दूरच्या बेटांवरून लवंग व जायफळ यांची रोपे मिळवली आणि पाम्प्लेमूसच्या बागेत वाढवली.

मिरीचे मूळ घर मात्र भारतात आहे. केरळातील डोंगरांवरच्या दाट, ओल्या जंगलात हा वेल आपोआप वाढतो. कोकणातही नारळ-पोफळीच्या बागांत मिरी लावतात. आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज कोकणातूनच येथे आले. त्या कोकणातील एका मुलाची ही गोष्ट.

रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागरच्या बाजूला, सुरेशच्या आजोबांची बाग होती. बागेत माड होते, पोफळी होत्या. बहुतेक पोफळींवर मिरीचे वेल चढलेले होते. वेलाच्या पेरांना बारीक मुळ्या फुटतात. त्यांनी तो झाडाला घट्ट धरतो, पण झाडाचा रस शोषत नाही. त्याचे अन्न जमिनीतूनच येते.

विहिरीजवळच्या फणसावर सर्वांत जुना वेल होता. सुरेशचे बाबा लहान असताना आजोबांनी तो लावला होता. घरातील सगळे त्याला 'थोरला' म्हणत. थोरल्याची मिरी विकून आलेल्या पैशांतून दर वर्षी सुरेशची वह्या-पुस्तके येत.

एका वर्षी पावसाने पंधरा दिवस उसंत घेतली नाही. एके सकाळी सुरेश धावत घरी आला.

"आजोबा, थोरल्याच्या पानांवर काळे डाग पडलेत! खाली पानांचा सडा पडलाय."

आजोबा छत्री घेऊन बागेत गेले. वेलाने माना टाकल्या होत्या. जमिनीलगतचे खोड काळे पडले होते. आठवड्याभरात शेजारचे चार वेलही पिवळे दिसू लागले. आजोबा काही बोलले नाहीत. त्या रात्री ते नीट जेवलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाबांनी कृषी सहाय्यक ताईंना बोलावून आणले. ताईंनी वेलाच्या बुंध्याजवळची माती हळूच उकरली. मुळे कुजून काळी झाली होती.

"आजोबा, ही मर आहे," ताई म्हणाल्या. "बुरशीसारखा एक सूक्ष्म जीव ओल्या मातीत वाढतो आणि मुळे कुजवतो. तुमच्या आळ्यांत पाणी साचून राहिले आहे. त्यामुळे त्याचे फावले."

"पण पाऊस काय यंदाच पडतो?" आजोबांनी विचारले. "पूर्वी असे झाले नाही."

ताईंनी मूठभर माती उचलली. ती घट्ट होती. तिच्यात एकही गांडूळ दिसत नव्हते.

"बागेतला पाचोळा कुठे जातो?"

"जाळतो. बाग स्वच्छ दिसते."

"आणि शेणखत?"

"गाई विकल्या. आता गोणीतले खत घालतो."

"गोणीतले खत म्हणजे काही विष नव्हे," ताई म्हणाल्या. "त्यातून वेलाला अन्न मिळते. पण मातीचे काय? चिमूटभर मातीतही असंख्य जीव राहतात. पाचोळा आणि शेण हे त्यांचे जेवण. ते मिळाले नाही की आपल्या उपयोगाचे जीव कमी होतात. मग शत्रूला अडवणारे कोणी उरत नाही."

सुरेशने ताईंचा हात धरला. "ताई, थोरल्याला औषध द्या ना!"

"नाही रे बाळ. याची मुळेच गेली आहेत. हा आता वाचणार नाही. तो इथेच ठेवला, तर शेजारचे चांगले वेलही जातील."

आजोबांनी स्वतः कोयती घेतली. आजारी वेल मुळांसकट काढून बागेबाहेर नेले आणि जाळून टाकले. सुरेश आजीजवळ जाऊन बसला. त्याचे डोळे भरून आले होते.

मग कामाला सुरुवात झाली. प्रथम बाबांनी चर खणून साचलेले पाणी बाहेर काढले. पाऊस संपल्यावर बागेच्या कोपऱ्यात सावलीत एक खड्डा खणला. त्यात पाचोळ्याचा थर, त्यावर शेजाऱ्यांकडून आणलेल्या शेणाचा थर, असे थर रचले. सुरेश त्यावर अधूनमधून पाणी शिंपडी. काही महिन्यांनी पाचोळा ओळखू येईना. त्याचे काळे, भुसभुशीत खत झाले होते. त्याला पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास येत होता.

उन्हाळ्याच्या शेवटी ताई पुन्हा आल्या. त्यांनी पांढरट भुकटीची एक पिशवी आणली होती.

"यात ट्रायकोडर्मा नावाची बुरशी आहे," त्या म्हणाल्या.

"बुरशी? बुरशीमुळे तर भाकरी खराब होते!" सुरेश म्हणाला.

ताई हसल्या. "सगळ्या बुरशी वाईट नसतात. ही मातीत वाढते आणि मुळे कुजवणाऱ्या जीवांना हटवते. पण लक्षात ठेव, ही राखणदार आहे. मेलेला वेल ती जिवंत करत नाही."

त्यांनी १०० किलो शेणखत व निंबोळी पेंड यांच्या मिश्रणात १ किलो भुकटी मिसळली, पाणी शिंपडले आणि ढीग गोणपाटाने झाकला. पंधरा दिवसांनी गोणपाट उचलले, तर ढिगावर हिरवट-पांढरी बुरशी पसरली होती. ते खत सर्वांनी चांगल्या वेलांच्या आळ्यांत घातले. मिरीची पुष्कळ मुळे जमिनीच्या वरच्या थरात असतात. ती दुखावू नयेत म्हणून कुणी खोल खणले नाही.

ताईंनी दोन जिवाणू खतांचीही माहिती सांगितली. अझोस्पिरिलम हे जिवाणू हवेतला नत्र घेऊन मुळांना देतात. दुसरे जिवाणू मातीत अडकून पडलेला स्फुरद विरघळवतात. "ही खते जिवंत आहेत. ती सावलीत ठेवा. रासायनिक खत किंवा बुरशीनाशक त्यांच्याबरोबर घालू नका, नाहीतर ती मरतील," असे त्यांनी बजावले.

आता रिकाम्या जागी नवे वेल लावायचे होते. सुरेश आधीच खट्टू झाला होता. आजारी वेलाचे फाटे लावायचे नसतात, म्हणून थोरल्याचा एकही फाटा ठेवलेला नव्हता. पण आजीला एक जुनी गोष्ट आठवली होती.

"अरे, पलीकडच्या वाडीतल्या काकूंना थोरल्याचे फाटे आपणच दिले होते! त्यांचा वेल अजून हिरवागार आहे."

त्यामुळे फाल्गुनातच आजी काकूंकडून जमिनीलगत धावणारे फाटे घेऊन आली होती. खत-माती भरलेल्या पिशव्यांत ते लावले होते. पहिला पाऊस पडला तेव्हा त्यांना छान मुळे फुटली होती. विहिरीजवळचा फणस सोडून, दूरच्या पोफळींच्या उत्तरेला ती रोपे लावली. उत्तर बाजूला त्यांना दुपारचे कडक ऊन लागत नाही.

तिसऱ्या वर्षी वेलांवर हिरवे घोस लोंबू लागले. जानेवारीत घोसातले एखाददुसरे दाणे तांबडे झाले, तेव्हा आजोबांनी ते काढले. अंगणात उन्हात वाळून दाणे काळे, सुरकुतलेले झाले.

पहिली ओंजळ आजोबांनी सुरेशच्या हातात ठेवली. "जा, आधी काकूंना देऊन ये."

सुरेश निघाला. वाटेत बाबा पाचोळा गोळा करत होते. तो जाळण्यासाठी नव्हता. तो खड्ड्याकडे चालला होता.

शब्दार्थ
आळे – झाडाच्या बुंध्याभोवती केलेला गोल खळगा
मर – झाड सुकून मरण्याचा रोग
चर – पाणी वाहून जाण्यासाठी खणलेली लांब खाच
पेंड – बियांतील तेल काढल्यावर उरणारा चोथा
खट्टू – नाराज

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'थोरला' कोणाला म्हणत?
(आ) मिरीचा वेल झाडाला कशाने धरतो?
(इ) अझोस्पिरिलम काय काम करतात?

२. कारणे सांगा.
(अ) थोरला वेल काढून जाळावा लागला.
(आ) वेलाच्या आळ्यात खोल खणू नये.
(इ) सुरेश पहिली मिरी काकूंना द्यायला गेला.

३. करून पाहा.
घरातील भाज्यांच्या साली व वाळलेली पाने एका जुन्या बादलीत थराथराने साठवा. बादलीला खाली भोके पाडा. दर आठवड्याला काय बदल दिसतो, ते वहीत लिहा.