बोंडअळीच्या पतंगांची छायाचित्रावरून मोजणी

गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आंत राहते. बाहेरून बोंड निरोगी दिसतें आणि वेचणीच्या वेळीं कवडी कापूस हातीं येतो. म्हणून अळीची वाट न पाहतां तिच्या पतंगांवर नजर ठेवावी लागते. हेक्टरीं पांच कामगंध सापळे लावावे, आणि दर सापळ्यांत रात्रीं आठ पतंग याप्रमाणें लागोपाठ तीन रात्री सांपडल्यास फवारणीचा विचार करावा, असा नियम आहे.

नियम सोपा, मोजणी मात्र सोपी नाहीं. सापळ्यांतले पतंग पंख झडलेले, एकमेकांस चिकटलेले आणि निरनिराळ्या जातींचे असतात. ह्यासाठीं मुंबईच्या वाधवानी कृत्रिम बुद्धिमत्ता संस्थेनें 'कॉटनएस' नांवाचें मोबाईलचें ॲप तयार केलें. २०१९ सालीं ह्या कामास गूगल कंपनीच्या स्पर्धेंत अनुदानही मिळालें. पतंग पांढऱ्या कागदावर पसरून छायाचित्र घ्यावयाचें. यंत्रास आधीं पुष्कळ छायाचित्रें दाखवून कोणता पतंग कोणत्या जातीचा हें शिकविलेलें असतें. त्यावरून तें नव्या चित्रांतील गुलाबी व अमेरिकन बोंडअळीचे पतंग वेगवेगळे मोजून सल्ला देतें. मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयांत डोळ्याच्या पडद्याच्या छायाचित्रावरून मधुमेहाचा विकार ओळखण्याचें काम झालें, तेंही ह्याच रीतीनें.

आमचें आयुष्य महसुलाच्या कागदांत गेलें. नजरअंदाजाचे आंकडे दोन माणसांचे दोन येतात, हें आम्हीं पुष्कळ पाहिलें. येथें आंकड्यामागें चित्र राहतें, हा लाभ आम्हांस थोर वाटतो.

आमच्या मौदा तालुक्यांत धान मुख्य, तरी कपाशीही आहे. आणि २०१७ सालचा हंगाम विदर्भांतील कोणी विसरला नसेल. बोंडअळीनें कापूस खाल्ला, आणि त्याच हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीस शेतकरी-मजुरांहून अधिक दगावले. टळलेली एक फवारणी म्हणजे केवळ वांचलेले पैसे नव्हेत.

परंतु कागदावर जें दिसेल तेंच यंत्र मोजतें. सापळ्यांतील ल्यूरची मुदत संपली असेल तर पतंग येणारच नाहींत, आणि यंत्र निमूटपणें शून्य सांगेल. चार दिवसांचे पतंग एकदम ओतले तर रात्रीचा हिशेब उरत नाहीं. शिवाय सापळ्यांत येतात ते नर. बोंडांत अळी किती, हें त्यांवरून कळत नाहीं. त्याकरितां दर आठवड्यास शेतांतील निरनिराळ्या झाडांचीं वीस हिरवीं बोंडें फोडून पाहावीं, आणि दोहोंत अळी आढळली तर सापळा कांहींही सांगो, कृषि सहायकाच्या सल्ल्यानें उपाय योजावा. डोमकळ्या दिसतील त्या तेव्हांच तोडून अळीसह नष्ट कराव्या.