हिवाळ्यातील ऊन आणि घरावरची वीज

दिवाळी आटोपून हवेत गारवा आला, की गच्चीवर सौर पॅनेल बसविलेल्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : "थंडीतले ऊन कोवळे, तेव्हा वीज कमी व्हायचीच." फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजनेनंतर अशा घरांची संख्या झपाट्याने वाढली. या योजनेत पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तीन किलोवॅट वा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये एवढे केंद्रीय अनुदान ठरविण्यात आले. अनेक ग्रामपंचायतींच्या कचेऱ्यांवर आणि शाळांवरही आज पॅनेले दिसतात. त्यामुळे वरील समजुतीची थोडी तपासणी करणे अगत्याचे झाले आहे. समजूत निरुपद्रवी असती तर सोडून देता आली असती. पण तिच्यापायी खरा बिघाड थंडीच्या नावावर खपून जातो, आणि चार महिन्यांची वीज कोणाच्या ध्यानीमनी नसताना वाया जाते.

ही समजूत निराधार मात्र नाही. ती दुसऱ्या अक्षांशांवरून आली आहे. लंडन शहरी २२ डिसेंबरच्या भर दुपारी सूर्य क्षितिजावर जेमतेम १५ अंश चढतो आणि दिवस आठ तासांहूनही लहान असतो. त्यात आभाळ बहुधा मळभलेले. तेथील छपरावर डिसेंबरात होणारी वीज जून महिन्याच्या साधारण पाचव्या हिश्शावर येते. इंग्लंड-जर्मनीत राहणारी आपली मुलेबाळे "हिवाळ्यात पॅनेल नुसते शोभेला असते" असे फोनवर सांगतात ते त्यांच्यापुरते अगदी खरे आहे. ते पुण्याला किंवा नागपूरला लावणे मात्र चुकीचे.

आपल्याकडचा सूर्य

पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबर हा वर्षातील सर्वांत लहान दिवस. त्या दिवशीही पुण्यात भर दुपारी सूर्य ४८ अंश वर असतो आणि दिवसमान सुमारे अकरा तासांचे असते. जूनमधील सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा. म्हणजे फरक सव्वादोन तासांचा, आणि तोही सकाळ-संध्याकाळच्या अशा वेळेचा की जेव्हा पॅनेलातून फारशी वीज निघतच नाही. हिवाळ्यात दिवसाची दोनतृतीयांशाहून अधिक वीज दहा ते तीन या वेळात तयार होते.

याच दिवसापासून सूर्याचे उत्तरेकडे सरकणे सुरू होते. आपण उत्तरायणाची सुरुवात मकरसंक्रांतीला, म्हणजे १४ जानेवारीच्या सुमारास मानतो. कोणे एके काळी हे दोन्ही दिवस एकच होते. पृथ्वीच्या आसाच्या अतिशय संथ गिरकीमुळे शतकानुशतके ते एकमेकांपासून दूर जात आहेत. तिळगूळ संक्रांतीलाच घ्यावा, पण छपरावरच्या सावलीचा हिशोब २२ डिसेंबरचाच धरावा.

आणखी दोन गोष्टी हिवाळ्याच्या बाजूच्या आहेत. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, त्यामुळे सूर्याकडून येणारी ऊर्जा जुलैच्या मानाने सुमारे सात टक्क्यांनी जास्त असते. दुसरी गोष्ट तापमानाची. पॅनेलाची शक्ती मोजतात ती त्यातील सिलिकॉनचे तापमान २५ अंश सेल्सिअस असताना. त्यापुढे दर अंशामागे तीन ते चार दशांश टक्के शक्ती घटते. वैशाखात चंद्रपूरला हवाच ४५ अंशांवर गेली, की काचेखालचे सिलिकॉन ७० अंशांच्या पलीकडे तापते आणि सहावा हिस्सा वीज उष्णतेतच जाते. पौषातल्या २८ अंशांच्या दुपारी हीच घट दहा टक्क्यांच्या आसपास राहते. पॅनेलाला हवा असतो प्रकाश. उष्णता त्याच्या कामाची नाही. "ऊन कोवळे" हा आपल्या कातडीचा अनुभव झाला, पॅनेलाचा नव्हे.

मग आपल्याकडे दुष्काळाचे महिने कोणते? जुलै आणि ऑगस्ट. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना त्या दिवसांत ढग हटत नाहीत. हिवाळ्याचे आकाश बहुतेक दिवस स्वच्छ असते. दक्षिणेकडे नीट उतार दिलेल्या संचाने डिसेंबरच्या निरभ्र दिवशी दर किलोवॅटमागे चार ते साडेचार युनिटे द्यावीत. तीन किलोवॅटच्या घरगुती संचाला हे बारा-तेरा युनिट होतात. सतत आठ-नऊच येत असतील, तर थंडीला दोष न देता जिना चढून वर जावे.

उताराचे महत्त्व

उतार दिलेला नसला, तर हिवाळ्यात तूट येते हे खरे. सपाट मांडलेल्या पॅनेलावर डिसेंबरच्या दुपारचे किरण तिरपे पडतात. तेच पॅनेल दक्षिणेकडे अक्षांशाएवढे, म्हणजे अठरा-वीस अंश कलते ठेवले, तर त्याला भर दुपारी पाव हिश्शाच्या आसपास अधिक थेट प्रकाश मिळतो. जूनमध्ये या कलतेपणाचा तोटा आठ टक्क्यांच्या घरात आहे; पण तेव्हा पाऊस लागलेला असतो, त्यामुळे तो फारसा जाणवत नाही.

कोकणातील कौलारू आणि पत्र्याच्या घरांना उतार आयताच मिळतो. तो उत्तरेचा असला तर मात्र विचार करावा. वीस अंशांच्या उत्तर उतारावरील पॅनेलाला डिसेंबरच्या दुपारी दक्षिण उतारावरील पॅनेलाच्या मानाने निम्माच थेट प्रकाश मिळतो. पूर्व-पश्चिम उतार चालण्यासारखा आहे. अंगणात दिसायला बरे म्हणून, किंवा वायर कमी लागते म्हणून पॅनेले उत्तर उतारावर चढविलेली काही घरे प्रस्तुत लेखकाने पाहिली आहेत.

एप्रिलची पाहणी, डिसेंबरची सावली

सर्वांत मोठी चोरी होते ती सावलीची. पश्चिम महाराष्ट्रातील एका गावी ग्रामपंचायतीच्या कचेरीवर तीन किलोवॅटचा संच होता. एप्रिलात बसविला, मे महिन्यात सर्वांनी कौतुक केले. डिसेंबरात तो दिवसाला सहा-सात युनिटांवर आला. सरपंचांनी आणि ग्रामसेवकांनी थंडीचे कारण गृहीत धरले होते. माझेही मत त्या वेळी वेगळे नव्हते, हे कबूल केले पाहिजे. पण छायाचित्र काढण्याच्या निमित्ताने आम्ही साडेबाराच्या सुमारास वर गेलो, तर पॅनेलांच्या दक्षिणेला उभ्या असलेल्या पाण्याच्या टाकीची सावली खालच्या ओळीवर स्पष्ट पडलेली होती.

यात लबाडी कोणाची नव्हती. चौथऱ्यासह ती टाकी दोन मीटर उंच होती. एप्रिलच्या दहा तारखेच्या सुमारास त्या भागात सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो. तेव्हा दोन मीटरच्या वस्तूची सावली जेमतेम ३७ सेंटिमीटर पडते. पाहणीला आलेल्या माणसाला मोकळी गच्ची दिसली. २२ डिसेंबरला त्याच टाकीची दुपारची सावली १ मीटर ८० सेंटिमीटर होते, आणि सकाळी साडेनऊला ती तिरपी होऊन साडेतीन मीटरांपर्यंत पसरते. मे महिन्याच्या मध्यास पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो हे शाळेतील मुलांनाही आता ठाऊक आहे. त्या दिवसांत जागा पाहून बसविलेला संच हिवाळ्यात दगा देतो, तो असा.

सावली थोडी आणि नुकसान मोठे, हे कसे? पॅनेलातील सिलिकॉनच्या चकत्या एकसर जोडणीने जोडलेल्या असतात, म्हणजे एकीतून जाणारा प्रवाहच पुढच्या सर्वांतून जातो. शेताला पाणी देणाऱ्या पाइपावर एके ठिकाणी पाय पडला, तर पुढच्या सगळ्या सऱ्या कोरड्या राहतात, तसाच हा प्रकार. तो सौम्य करण्यासाठी पॅनेलात साधारणतः तीन बायपास डायोड असतात. सावली पडलेला तुकडा वगळून ते प्रवाहाला आडवाट करून देतात. पण आडवाट मिळाली तरी त्या पॅनेलाचा तिसरा हिस्सा बंद पडतो. कावळ्याने घाण केलेल्या तळहाताएवढ्या जागेचाही असाच उपद्रव होतो. टीव्हीच्या छत्रीची किंवा दोरीवर वाळत घातलेल्या गोधडीची सावली म्हणूनच क्षुल्लक समजू नये.

शिक्षकांना येथे एक सोपा प्रयोग सुचवावासा वाटतो. एक मीटर उंचीची सरळ काठी २२ डिसेंबरला सपाट जागी उभी करावी आणि सावली सर्वांत आखूड होईल तेव्हा मापावी. पश्चिम महाराष्ट्रात घड्याळातील मध्यान्ह आणि सूर्याचे मध्यान्ह यांत अर्ध्या तासाचा फरक आहे, त्यामुळे ही वेळ साडेबाराच्या आसपास येते. नागपूरला सव्वाबाराच्या आसपास. कोल्हापूरला सावली सुमारे ८४ सेंटिमीटर भरेल, पुण्याला ९०, आणि नागपूरला जवळजवळ काठीएवढीच, ९९ सेंटिमीटर. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त छायाव्यवहार नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्या गणिताचा उपयोग करायला गावाच्या गच्चीहून चांगली जागा मिळणार नाही. टाकीची उंची मीटरमध्ये घेऊन तिला या आकड्याने गुणले, की संचापासून निदान किती अंतर ठेवावे ते कळते. सकाळी व तिसऱ्या प्रहरी सावली लांबते, म्हणून शक्य तेथे दुप्पट अंतर धरावे. टाकी किंवा जिन्याची खोली पॅनेलांच्या उत्तरेला असेल, तर हिवाळ्यात तिचा काहीच उपद्रव नाही.

झाडांबद्दल मात्र घाई नको. दक्षिणेच्या आंब्याची एखादी फांदी छाटून काम भागत असेल तर भागवावे. बुंध्याला हात लावण्यापूर्वी पॅनेल सरकवता येते का ते पाहावे.

धूळ, धुके आणि दहिवर

पावसाळ्यात पॅनेले आपोआप धुतली जातात. ऑक्टोबरनंतर ही सोय संपते. साखर कारखान्यांचा हंगाम, उसाचे पाचट जाळल्याची काजळी, वीटभट्ट्या, कच्च्या रस्त्यांचा फुफाटा हे सगळे याच काळातले. पहाटेचे दहिवर त्या धुळीवर पडते, ऊन वाढले की वाळते आणि काचेवर पापुद्रा धरते. खालच्या चौकटीपाशी हा थर जाड होतो. पंधरा दिवसांतून एकदा, काच तापण्याआधी, मऊ फडक्याने आणि साध्या पाण्याने ती पुसावी. बोअरचे पाणी जड असेल तर वाळू देऊ नये, पांढरे डाग राहतात. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये, पॅनेलावर पाय तर मुळीच देऊ नये.

विदर्भातील धानपट्ट्यात आणि नदीकाठच्या गावांत सकाळी धुके असते. ते आठ-नऊपर्यंत वितळते, आणि तोवरची वीज मुळातच थोडी असल्याने त्याचे विशेष काही नाही.

बिल आणि निर्मिती

पुष्कळ घरांत वीज कमी झाल्याचा निष्कर्ष काढतात तो बिलावरून. येथे फसगत होते. हिवाळ्यात पंखे बंद असतात, पण पहाटे पाण्याचा गीझर लागतो. दोन किलोवॅटचा गीझर तासभर चालला की दोन युनिटे गेली. संचाने पूर्वीइतकीच वीज केली असली तरी बिलाचा आकडा बदलतो. निर्मिती किती झाली हे पाहायचे तर इन्व्हर्टरवरील किंवा निर्मितीच्या मीटरवरील आकडा पाहावा. बिलावर दिसते ती आपण घेतलेल्या आणि दिलेल्या विजेची वजाबाकी.

या नोंदीसाठी शंभर पानी वही पुरते. सूर्यास्तानंतर तारीख, त्या दिवसाची युनिटे आणि आभाळ कसे होते एवढेच लिहावे. शाळेत हे काम आठवीच्या वर्गाकडे देता येईल, पंचायतीत शिपायाकडे. दोन निरभ्र दिवसांच्या आकड्यांत एकाएकी मोठा फरक दिसला, तर इन्व्हर्टर मधूनच बंद पडतो आहे, एखादी जोडणी सैल झाली आहे किंवा सावली आली आहे, हे त्याच आठवड्यात लक्षात येते. वही नसेल तर ते मार्चच्या बिलावर कळते.

आणि मार्चला महत्त्व आहे. नेट मीटरच्या पद्धतीत जास्तीची युनिटे पुढील महिन्यांत वळती होत जातात, परंतु हा हिशोब आर्थिक वर्षाबरोबर, ३१ मार्चला मिटतो. त्या दिवशी उरलेल्या युनिटांचा मोबदला घरगुती दराहून बराच कमी पडतो, आणि ती युनिटे मे महिन्याच्या पंख्या-कूलरसाठी राखून ठेवता येत नाहीत. डिसेंबर ते मार्च या स्वच्छ आकाशाच्या महिन्यांतली वीज म्हणून त्याच महिन्यांत वापरणे हिताचे : पाण्याची मोटार पहाटेऐवजी दुपारी चालवावी, इस्त्री आणि पिठाची घरगुती चक्की अकरानंतर लावावी. वर सांगितलेल्या पंचायतीने नळपाणी योजनेच्या मोटारीची वेळ दुपारी बाराची केली आहे. टाकी जानेवारीत गच्चीच्या उत्तर कोपऱ्यात हलविली. त्यासाठी गवंड्याचे दोन दिवस आणि थोडा पाइप लागला, आणि त्याच आठवड्यात वहीतला आकडा बारावर गेला.