पाण्याचा ताळेबंद: शालेय विद्यार्थ्यांसाठी एक प्रात्यक्षिक पाठ

जलसंधारण हा विषय शाळांमध्ये बहुधा घोषवाक्ये, चित्रकला स्पर्धा आणि प्रभातफेरी यांपुरताच उरतो. वास्तविक पाणीटंचाई हा प्रथम हिशेबाचा प्रश्न आहे आणि तो सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांना सहज समजू शकतो. विस्तार कार्यकर्त्यांनी शाळेत जाताना भाषणाऐवजी मोजपट्टी न्यावी.

पहिला पाठ पर्जन्यमापनाचा. सरळ उभ्या कडांचे, सपाट तळाचे कोणतेही भांडे चालते. ते झाडे व भिंतींपासून दूर, मोकळ्या जागी ठेवावे आणि रोज सकाळी साडेआठ वाजता पाण्याची उंची नोंदवावी; भारतीय हवामान विभागाची नोंदही याच वेळी होते. एक चौरस मीटरवर १ मि.मी. पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. हेक्टरवर तोच पाऊस १०,००० लिटर होतो. शाळेचे छप्पर २०० चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस ५०० मि.मी. असेल, तर छपरावर १ लाख लिटर पाणी पडते. हे उत्तर विद्यार्थ्यांनी स्वतः काढले, की छपराचे पाणी कोठे जाते हा पुढचा प्रश्न तेच विचारतात.

दुसरा पाठ विहिरीचा. शिक्षकांच्या देखरेखीखाली, वजन बांधलेल्या दोरीने, कठड्यावरील एकाच ठरलेल्या खुणेपासून, पंप सुरू होण्यापूर्वी दर पंधरवड्याला पातळी मोजावी. पावसाचे व पातळीचे आकडे एकाच आलेखावर मांडले, की भूजल कधी भरते आणि कधी उतरू लागते हे दिसते. खरा उपयोग रब्बीच्या पेरणीपूर्वी होतो. उसाला हंगामभरात साधारण १,५०० ते २,५०० मि.मी. पाणी लागते, ज्वारीला ४५० ते ६५०. हे आकडे पाल्याच्या वहीतून घरी पोहोचले, तर पीकनिवडीची चर्चा अंदाजावर राहत नाही. आंध्र प्रदेशातील दुष्काळप्रवण जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी पाऊस व विहिरी स्वतः मोजून पिकांचे पाणी-अंदाजपत्रक तयार केले. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारमध्येही पावसावरून पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरतात.

एक बाब मात्र पाण्याच्या पाठात क्वचितच येते. टंचाईत घरोघरी पिंप, हौद, रांजण भरून ठेवले जातात आणि अशाच साठ्यांत डेंग्यू पसरविणारा एडिस डास वाढतो. उष्ण हवामानात अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. अंडी पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या भिंतीला चिकटतात व कोरडी पडूनही काही महिने तग धरतात. म्हणून भांडे केवळ रिकामे करणे पुरेसे नाही, आतून घासणे आवश्यक आहे. विद्यार्थ्यांना बाटलीत अळ्या दाखवाव्यात, भिंगातून पाहू द्याव्यात आणि आठवड्यातून एक दिवस घरातील भांडी घासण्याची नोंद त्याच वहीत, पावसाच्या रकान्याशेजारी ठेवण्यास सांगावे.