स्वयंपाकघराची स्वच्छता : चिकटाला खार, थराला आंबट



या पानावर आपण नेहमी बेणे, खत आणि पाणी यांबद्दल बोलतो. या खेपेस विषय चुलीजवळचा आहे, पण त्याचा शेताशी संबंध आहे. रोहिणखेड गटात फिरताना आम्हाला कीटकनाशकाचे रिकामे डबे घरात वापरात दिसतात. कुठे त्यात भांडी घासायची पावडर, तर कुठे फरशीचं ॲसिड. मोरीपाशी खेळणाऱ्या पोराला लेबल वाचता येत नाही. म्हणून स्वयंपाकघरात जहाल वस्तू जितक्या कमी, तितकं बरं.

हे काही नवं शास्त्र नाही. आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचं पाणी सोड्याच्या क्षारांनी भरलेलं आहे. तिथे साबण व काच करण्याचं साहित्य मिळतं, अशी नोंद अकबराच्या काळी अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त केली आहे. आज लोणार अभयारण्य आहे आणि २०२० साली ते रामसर यादीत गेलं. तेव्हा तिथून काही आणायचं नाही. तसाच क्षार किराणा दुकानात धुण्याचा सोडा म्हणून मिळतो.

आता मुख्य गोष्ट. मळ दोन जातींचा असतो. तेल-तुपाचा चिकटा खाराने सुटतो, कारण तेलाचा खाराशी संयोग होऊन थोडा साबणच तयार होतो. पितळ-तांब्यावरचा काळेपणा आणि बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर मात्र आंबटाने विरघळतो. कारखान्यातही रस आटवण्याच्या भांड्यांच्या नळ्यांना थर धरतो, आणि तो खार व ॲसिड वापरूनच काढतात. ते काम शिकलेल्या माणसांचं. घरी सौम्य वस्तू पुरतात.

१. चिकट ओटा व डबे : एक लिटर गरम पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. फडक्याने पुसून साध्या पाण्याने धुवावे. हा सोडा खायचा नव्हे; हाताला झोंबतो आणि ॲल्युमिनियमची भांडी काळी पाडतो.

२. रोजची भांडी : दहा-बारा रिठे फोडून बिया काढाव्यात. टरफलं लिटरभर पाण्यात वीस मिनिटं उकळून, चोळून गाळावीत. फेस कमी आला तरी मळ निघतो. पाणी लवकर आंबते, म्हणून दोन-तीन दिवसांपुरतेच करावे. डोळ्यांत जाऊ देऊ नये.

३. लोखंडी तवा, कढई : चाळलेली लाकडाची राख. प्लास्टिक जाळलेल्या चुलीची राख घेऊ नये.

४. तांबे-पितळ व नळाचा थर : चिंचेचा कोळ किंवा लिंबू-मीठ. थरावर उसाच्या रसाचा शिरकाही चालतो; फडकं भिजवून अर्धा तास गुंडाळून ठेवावं. पण शहाबादी किंवा कडप्प्याच्या ओट्यावर आंबट सांडू नये. तो दगड चुनखडीचाच, त्यामुळे तोही विरघळतो.

काही बाया सोडा आणि लिंबू एकत्र करतात. फसफस दिसते छान, पण दोघांचा जोर एकमेकांना मारतो. वेगवेगळे वापरा. आणि ब्लिचिंग पावडरमध्ये ॲसिड, शिरका किंवा लिंबू कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

या उपायांनी मळ जातो. सगळे जंतू मरतात असं नाही. म्हणून दुधाच्या व पिण्याच्या पाण्याच्या भांड्यांत घासल्यावर उकळतं पाणी फिरवावं आणि ती उन्हात वाळवावीत.

शेवटी घरधन्यांना सांगणं. फवारणीचं माप किंवा बादली राखेने दहा वेळा घासली, तरी ती स्वयंपाकघराची होत नाही. औषधाचा डबा रिकामा झाला की तीनदा पाण्याने विसळावा, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावं आणि डब्याला भोक पाडावं, म्हणजे कुणी त्यात काही भरणार नाही. सोडा काय, रिठ्याचं पाणी काय, खुणेच्या स्वच्छ बरणीत, पोरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवावं.

एवढं घरोघरी झालं, तर आमचं लिहिणं कारणी लागलं असं आम्ही समजू. शंका असल्यास गट ऑफिसला जरूर विचारावं.

— ऊस विकास अधिकारी